कुकडीकाठची पांढरी रेघ



आज पिकाची नोंद नाही. कांद्याची लागण उरकली, गव्हाला पहिलं पाणी झालं आणि मध्ये दोन दिवस मोकळे मिळाले. ते दोन्ही दिवस एका पांढऱ्या रेघेपायी गेले. त्याची ही नोंद. जरा लांबली आहे, पण नदीकाठी ज्यांची जमीन आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

झालं असं की गेल्या आठवड्यात भाच्याने फोनवर एक फोटो धाडला. आमच्या दाजींची जमीन कुकडीकाठी आहे, बोरी बुद्रुकच्या खालच्या अंगाला. नदीकडची पंधरा-सोळा गुंठे घळीत गेलेली, बाभळी आणि काटेरी झुडपं, कधी कुणी नांगर घातला नाही. ती सपाट करायची ठरली होती. फोटोत घळीचा उभा कडा होता, वर पिवळसर पोयट्याची माती, खाली वाळू-गोटे आणि मधोमध पांढुरकी आडवी रेघ. खाली लिहिलं होतं, "मामा, ही चुनखडी आहे का? सोमवारी पोकलेन येणार आहे."

फोटो बघितला आणि पोटात कालवलं. कारण सांगतो.

२००९ साली मी आमच्या घोडकाठच्या तुकड्याचं सपाटीकरण केलं. तेव्हाही अशीच पांढरी माती निघाली होती. पिठासारखी, वजनाला हलकी. वडील म्हणाले, "ही काय चुनखडी दिसत नाही रे, जरा कुणाला तरी दाखव." मी म्हणलं, मशीनचा तास चालू आहे, दाखवत कुणाला बसू? दोन ट्रॉल्या भरून गोठ्याच्या भरावात टाकली, बाकी मातीत मिसळली. आज तिथं ऊस आहे, चांगला येतो. पण ते काय होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, मलासुद्धा नाही. पुढे काही वर्षांनी बोरीच्या राखेबद्दल वाचनात आलं तेव्हा वडील नव्हते.

म्हणून भाच्याला फोन केला. म्हणलं, "सोमवारच्या आत मी येतो. तोवर कड्याला हात लावू नका."

मुरमाचा रस्ता

शनिवारी सकाळी दाजींच्या गावी पोचलो. भाचा कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "मामा, आधी बोरीची राख डोळ्यांनी बघू, मग आपली बघू. नुसत्या फोटोवरून काय कळणार?" बरोबर बोलला. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो आणि डांबरी सोडून शिवरस्त्याला लागलो.

रस्ता म्हणजे मुरूम टाकलेला, उसाच्या ट्रॉल्यांनी दोन चाकोऱ्या खोल पाडलेल्या, मधे गवत. दोन्हीकडं ऊस. जुन्नरचा ऊस म्हणल्यावर बिबट्याची आठवण येतेच, त्यामुळे भाचा वळणावर हॉर्न मारत होता. मधेच लांबवर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या दिसल्या. जीएमआरटी म्हणतात ती. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा ३० तबकड्या या भागात विखुरलेल्या आहेत. त्या आभाळातलं जुनं ऐकतात. आम्ही जमिनीतलं जुनं बघायला निघालो होतो.

मोटारसायकल आदळत होती तेव्हा भाच्याला म्हणलं, "हा मुरूमसुद्धा ज्वालामुखीचाच आहे बरं." आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला. आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. विहीर खणताना आपण तेच थर फोडत खाली जातो. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या नाहीतर कठीण पाषाण, आणि मधे कुठं लाल गेरूसारखा थर लागतो तो दोन लाव्ह्यांमधला. हाच पाषाण कुजून आपली काळी कसदार जमीन झाली. म्हणजे आपण खातो ते ज्वालामुखीचंच. पण आम्ही बघायला चाललो होतो तो ज्वालामुखी आपला नव्हता.

बोरीचा कडा

नदीजवळ रस्ता संपला. गाडी बाभळीखाली लावली आणि घळीतून खाली उतरलो. शेळ्या घेऊन एक म्हातारे बाबा बसले होते. त्यांना विचारलं तर हातातल्या काठीनंच दिशा दाखवली. "पुण्याचे लोक येतात बघा पिशव्या घेऊन. मी पोरगा होतो तवापासून... नाही, पोरगा नव्हतो, लगीन झालं होतं. दिवसभर माती खरवडायचे आणि आम्ही हसायचो."

ते पुण्याचे लोक म्हणजे डेक्कन कॉलेजचे. पुरातत्त्वात मातीचा आणि नद्यांचा अभ्यास आपल्याकडं ज्यांनी रुजवला ते शरद राजगुरू आणि त्यांचे सहकारी. १९८०च्या दशकात कुकडीच्या गाळात ही राख त्यांच्या ध्यानात आली. तोवर या भागातल्या नदीच्या गाळात ज्वालामुखीची राख सापडेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. लाव्हा आपल्याकडं भरपूर, पण तो ६ कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. नदीचा गाळ तर कालपरवाचा. त्यात राख आली कुठून?

कड्यापाशी गेलो. वर पोयटा, त्यात चुनखडीचे खडे. त्याखाली राखेचा थर. कुठं वीतभर, कुठं हातभर, कुठं एकदम नाहीसा. रंग पांढुरका, जरा करडा. वाळलेलं ढेकूळ हातात घेतलं तर वजनच लागत नाही. बोटात चोळलं की चुन्यासारखं गुळगुळीत लागत नाही, बारीक किरकिर लागते. भाच्याने कीड बघायचं भिंग काढलं. उन्हात धरलं तर बारीक बारीक चमक. ती काच आहे. ज्वालामुखीतून उडालेला वितळलेला दगड हवेतच गार होऊन काच झाला, फुटला आणि त्याचे हे कण.

कुठून आली

इंडोनेशियात सुमात्रा बेट आहे. त्याच्या उत्तर भागात टोबा नावाचं सरोवर आहे, साधारण १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद. ते सरोवर म्हणजेच ज्वालामुखीचं तोंड, स्फोटानंतर खचलेलं. तिथं एकदा नाही, अनेकदा स्फोट झाले. शेवटचा मोठा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी. एका अंदाजानुसार त्यात २,८०० घन किलोमीटर माल बाहेर पडला. आपल्या भाषेत सांगायचं तर जवळपास १ लाख टीएमसी. जायकवाडी काठोकाठ भरलं तर १०२ टीएमसीच्या आसपास. आता करा हिशेब.

तिथून आपल्या कुकडीचं अंतर ३ हजार किलोमीटरच्या वर. पण राख वाऱ्यावर आली. अरबी समुद्राच्या तळाशी सापडते, बंगालच्या उपसागराच्या तळाशी सापडते, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळातही तिचे कण मिळाले. आपल्या देशात मध्य प्रदेशातल्या सोन नदीच्या खोऱ्यात, आंध्रात नंद्याल (पूर्वीच्या कर्नूल) जिल्ह्यातल्या ज्वालापुरमला आणि आपल्याकडं बोरीबरोबर कऱ्हेकाठी मोरगावलाही राखेचे थर आहेत.

आभाळातून पडलेली राख सगळ्या शिवारावर सारखी पडली असणार, अगदी पातळ. मग हातभर थर कसा? शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या पावसाने ती उतारावरून धुतली, ओघळीनं नदीला आली आणि जिथं पाणी संथ होतं तिथं साचली. त्यावर लगेच गाळ बसला तिथं टिकली. बाकी सगळीकडची वाहून गेली. म्हणजे जिथं ती टिकली आहे ते ठिकाण नशिबाचं आहे. पुन्हा तयार होणार नाही.

वयाचा वाद

इथपर्यंत सरळ आहे. खरी गंमत पुढं आहे, कारण या राखेवरून शास्त्रज्ञांत मोठं भांडण आहे.

बोरीला राखेच्या जोडीनं दगडी हत्यारं मिळाली. काळ्या पाषाणाच्या हातकुऱ्हाडी, एका बाजूला निमुळत्या, दोन्ही अंगांनी छिलके काढून घडवलेल्या. फार जुन्या माणसाची हत्यारं. दगडाला जन्मतारीख नसते, पण राखेची काढता येते. म्हणून राखेचं वय कळलं की माणूस इथं कधी होता याचा अंदाज येतो.

१९८९ साली रवी कोरिसेट्टर आणि सहकाऱ्यांनी वय प्रसिद्ध केलं ते सुमारे १४ लाख वर्षं. एवढा जुना माणूस कुकडीकाठी! पुढं १९९३ साली आचार्य आणि बसू या भूशास्त्रज्ञांनी मांडलं की देशातली नदीगाळातली राख टोबाच्या शेवटच्या स्फोटाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांची. मग १९९५ साली शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या पद्धतीनं वय काढलं, ते आलं सुमारे ६ लाख ७० हजार वर्षं. काहींनी काचेच्या कणांची रासायनिक घडण तपासून ती टोबाच्या शेवटच्या स्फोटाशी जुळते असं सांगितलं, तर काही जण ती टोबाच्याच आधीच्या जुन्या स्फोटाची मानतात. राख टोबाची याकडं बहुतेकांचा कल आहे, पण कुठल्या स्फोटाची यावर अजून एकमत नाही.

एवढा फरक कसा पडतो? भाच्याने विचारलं तेव्हा त्याला त्याच्याच अभ्यासातलं सांगितलं. माती परीक्षणाचा नमुना उकिरड्याजवळचा घेतला तर सेंद्रिय कर्ब किती दाखवील? भरपूर. तो खोटा नाही, पण शेताचा नाही. तसंच राख वाहत येताना तिच्यात आपल्या ६ कोटी वर्षांच्या बेसॉल्टचे चार कण जरी मिसळले तरी वय फुगून येतं. त्यामुळे नमुना कसा वेचला, कण कसे निवडले यावर सगळं.

दुसरी गोष्ट थरांची. खालचा थर जुना, वरचा नवा हा साधा नियम. पण नदीकाठी तो नेहमी लागू पडत नाही. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत आपण तलावातला गाळ शेतात टाकतो. त्या गाळात एखाद्या जुन्या वस्तीचं खापर आलं तर ते आपल्या शेतात सगळ्यात वर पडतं. हजार वर्षांचं खापर वर आणि गेल्या वर्षीचा उसाचा खोडवा खाली. उद्या कुणी उकरलं तर काय समजेल? नदी हेच काम लाखो वर्षं करते आहे. जुना काठ कापते, त्यातलं खाली नेऊन नव्या गाळात टाकते. म्हणून हत्यार राखेच्या वर मिळालं, खाली मिळालं की शेजारी, हे कड्यात जागच्या जागी बघावं लागतं. पोकलेनच्या बकेटमध्ये ते कळत नाही.

एवढं मात्र ज्वालापुरमला स्पष्ट झालं. तिथं राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडं माणसाची हत्यारं मिळाली. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. एवढी राख पडूनही तिथला माणूस संपला नाही, असा त्याचा अर्थ ती मंडळी लावतात. मला तेच वाचून बरं वाटलं. आपण एका गारपिटीनं हबकतो.

आपली मोजपट्टी

आपण जुनं जुनं म्हणतो ते किती जुनं? कुकडी उगम पावते तिकडं कुकडेश्वराजवळून वर गेलं की नाणेघाट. तिथला नागनिकेचा लेख साधारण २ हजार वर्षांचा. त्याही मागं जायचं तर शिरूर तालुक्यात घोडकाठी इनामगाव. तिथं १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजनं खोदाई केली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं. त्यांचं मुख्य पीक सातू, म्हणजे बार्ली. पाणी वळवायला बांध आणि पाट काढल्याच्या खुणा मिळाल्या. आपल्या भागातले ते माहीत असलेले पहिले शेतकरी.

म्हणजे या खोऱ्यातली शेती साडेतीन हजार वर्षांची. राख अगदी कमीत कमी वय धरलं तरी तिच्या वीसपट जुनी. आणि आपण ती दोन तासांच्या मशीनभाड्यात उलथून टाकतो. मी टाकली असेल, म्हणून बोलतो.

दाजींचा कडा

रविवारी दाजींच्या घळीत गेलो. संडास साफ करायचं ॲसिड बाटलीत थोडं घेतलं होतं, हातमोजे आणि गॉगल घालून. (हे करायचं तर जपून करा, ॲसिडमध्ये पाणी ओतू नका, लेकरांना जवळ येऊ देऊ नका.) वरच्या पोयट्यातल्या खड्यावर दोन थेंब टाकले, फसफसून फेस आला. ती चुनखडी. मग पांढऱ्या रेघेतलं आतलं ढेकूळ काढलं, त्यावर टाकलं. बारीकसा एखादा बुडबुडा, बाकी गप्प. भिंगाखाली तीच चमक, बोटाला तीच किरकिर.

एवढ्यावरून ती टोबाची राख आहे असं मी म्हणणार नाही. ते प्रयोगशाळेनं सांगायचं. राखेत चुना मुरलेला असला तर ती फसफसू शकते आणि न फसफसणारी प्रत्येक पांढरी माती काही राख नसते. पण बोरीला बघून आलो होतो, त्यामुळे चुनखडी म्हणून सोडून देण्यासारखं ते नव्हतं.

दाजी कड्यावर उभे होते. म्हणाले, "पाव्हणं, समजा निघाली राख. मग माझी जमीन अडकणार का? पोकलेनला आगाऊ पैसे दिलेत. पोराची फी आहे. सोळा गुंठ्यात कांदा बसतो माझा."

खोटं काय बोलणार? त्यांचं बरोबर होतं. शास्त्रज्ञ येणार, माती नेणार, निबंध लिहिणार आणि दाजींच्या हातात काय? मीच त्यांच्या जागी असतो तर हाच सवाल केला असता. २००९ साली सवालसुद्धा केला नव्हता, सरळ मशीन लावलं.

बहीण चहा घेऊन आली होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "सगळी कशाला ठेवायची? जिथं जाड आहे तेवढी ठेवा. तसाही तो कोपरा नदी कापतीय, तिथं कांदा लावला तर पावसाळ्यात बांधासकट जाईल."

हे खरं शेतीचं बोलणं. घळीचा कडा तिथं आधीच ढासळत होता. सपाट करून तोंडाला भराव टाकला असता तर दोन पुरात गेला असता. मग टेपानं मोजलं. नदीकडचा कोपरा, सव्वा गुंठ्याच्या आसपास, जसा आहे तसा सोडायचा. त्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवायला बांध, म्हणजे शेताचं पाणी कड्यावरून पडून तो कापणार नाही. बांधावर घायपात आणि गवत. उरलेली जमीन सपाट.

सोमवारी पोकलेन आला. बाकीची घळ चार तासांत गेली. त्यात बारीक रेघ होती तीही गेली, हे सांगितलं पाहिजे. जाण्याआधी भाच्याने कड्याचे फोटो घेतले, शेजारी मीटरपट्टी धरून, फोनवर ठिकाण नोंदवून. तीन थरांतली माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून वर चिठ्ठ्या लावल्या. त्या घेऊन तो पुण्याला डेक्कन कॉलेजात जाणार आहे. काय निघेल ते इथं लिहीनच. काही नाही निघालं तरी लिहीन.

नदीकाठच्यांसाठी

कुकडी, घोड, मीना, कऱ्हा, भीमा, प्रवरा, ज्यांची जमीन काठाला आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवा.

सपाटीकरण करताना, विहीर किंवा शेततळं खणताना गाळात पांढरा-करडा, हलका, किरकिरीत थर लागला तर अर्धा तास थांबा. कडा साफ करून मोजपट्टीसकट फोटो काढा. थराच्या वर काय, खाली काय ते लिहा. मूठभर माती आतून काढून पिशवीत भरा, वरची धुतलेली नको. शेजारी घडवल्यासारखा दगड दिसला तर उचलू नका, आधी जागेवरच फोटो घ्या. मग जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या मृदाशास्त्राच्या सरांना किंवा पुण्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.

आणि कुणी तुम्हाला ही राख खत म्हणून टाका असं सांगितलं तर नादी लागू नका. चुलीच्या राखेशी हिचा संबंध नाही. हिच्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास सिलिका आहे. पालाश आहे थोडं, पण काचेत कोंडलेलं, या हंगामात पिकाला मिळायचं नाही. जावा बेटावर ज्वालामुखीच्या राखेनं जमिनी कसदार झाल्या हे खरं, पण ती राख वेगळी. आपल्याला आपला बेसॉल्ट पुरेसा आहे.

परत येताना गोठ्यात गेलो. भरावाचा एक कोपरा खुरप्यानं उकरला. वरचं शेण-मूत, खाली मुरूम, त्याखाली काही पांढुरकं लागलं. थोडं पिशवीत भरलं आहे. भाच्याबरोबर तेही पाठवणार. थर कुठला, वर काय होतं, खाली काय होतं, हे आता सांगता येणार नाही, त्यामुळे त्याचा उपयोग फारसा नाही, हे मला माहीत आहे. तरी पाठवणार. वडील म्हणाले होते, कुणाला तरी दाखव.

तुमच्या शिवारात असं काही निघालं असेल, तर खाली गाव आणि नदी लिहा, जुना फोटो असेल तर टाका.

पुढची नोंद कांद्यावरच्या फुलकिड्यांची. थंडी कमी होतीय, लक्ष ठेवा.